चिगुसाचा डावा हात

चिगुसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रुग्णालयाच्या जिन्यात मधल्याच पायरीवर उभी होती. वर जायचं होतं की खाली, हे विसरून. मी विचारलं, कुठे निघाली होतीस बाई? तर म्हणाली, तेच आठवतेय. ही आमच्या विभागात आलेली नवीन ऑक्युपेशनल थेरपिस्ट, चिगुसा मिझोगुची. मी तिथलीच फिजिओथेरपिस्ट, ओकुदा. आजारातून उठलेल्या माणसाला उभं करायचं आणि चालवायचं, हे माझं काम. उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा चहा करता येतो का, सदऱ्याची बटणं लावता येतात का, हे बघणं तिचं. आमची टेबलं शेजारीशेजारी होती. मी पडले तापट आणि हिला हाक मारली तर ती तीन हाकांनंतर मान वळवायची. सुरुवातीला मला तिचा रागच यायचा.

पण आमच्या गावात अशा माणसाला कुणी नावं ठेवत नाही. गाव तोयामाच्या आखाताला लागून. हिवाळ्यात आभाळ गडगडलं की म्हाताऱ्या म्हणतात, मासे जागे झाले. वसंतात वारा पडलेल्या एखाद्या दुपारी समोरचा किनारा मृगजळात पाण्यावरून उचलला जातो आणि हवेत तरंगत उभा राहतो. तिकडची झाडं, धुराडी, पूल, सगळं लांबट होऊन. मग दुकानदार दुकान उघडं टाकून बंधाऱ्यावर जातात आणि डॉक्टरसुद्धा पाच मिनिटं खिडकीत उभे राहतात. जिथे अख्खा किनारा हवेत राहतो, तिथे एक बाई जिन्यात राहिली तर काय बिघडलं?

चिगुसाचं लग्न झालं नव्हतं. घरी ती आणि आई. आईला अर्धांगाचा झटका आला त्यानंतरची सगळी वर्षं तिने आईचं केलं, आणि कसं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आईने वाटीकडे नुसतं पाहिलं की वाटी जवळ यायची. चॉपस्टिक वाटीवर क्षणभर थांबल्या की घास तोंडाशी. शाल खांद्यावरून ओघळायच्या आधीच सावरलेली असायची. यात कसली धांदल नव्हती, बोलणं नव्हतं. चिगुसा खिडकीबाहेर बघत असायची आणि तिचा हात आपला आपण काम करत असायचा. सगळं गाव म्हणायचं, लेक असावी तर अशी. मीही म्हणायचे. आई गेली ती मे महिन्यात, किनारा तरंगण्याच्या दिवसांत. त्यानंतर चिगुसा जिन्यात जास्तच वेळ उभी राहायला लागली.

अशात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला नागोयाला प्रशिक्षणाला पाठवलं. त्याला कारण होतं. माणूस बरा झाला की त्याला घरी सोडायचं की नाही, यावर आमच्याकडे दर आठवड्याला भांडणं व्हायची. नर्स म्हणणार जाऊ द्या, सून म्हणणार नको, मी म्हणणार पाय तर चांगले आहेत. डॉक्टर कंटाळले. त्यांना एक असं माप हवं होतं की जे इथेही तेच आणि दुसऱ्या टोकाच्या देशातही तेच. तसं एक माप आहे, पण ते वापरायला आधी माप घेणाऱ्याची नजर तपासून घ्यावी लागते. नजर पास झाली तरच तुमचे आकडे धरतात.

चिगुसा परत आली ती वीटभर जाडीचं पुस्तक घेऊन. जेवायच्या सुट्टीत मी तिला सगळं उलगडून सांगायला लावलं. माणसाने आपल्या रोजच्या सवयीची दोन कामं स्वतः निवडायची. चहा, सूप, अंथरूण घालणं, कपड्यांच्या घड्या, काहीही. मग ती आपल्या पद्धतीने करून दाखवायची. थेरपिस्टने बाजूला गप्प बसून बघायचं. हात पुढे कसा जातो, पकडतो कसा, वस्तू शोधताना माणूस घुटमळतो का, मध्येच थांबतो का, घेतलेली वस्तू जागेवर ठेवतो का. अशा बारीकबारीक गोष्टींना चारपासून एकपर्यंत गुण. बोलायचं नाही, सुचवायचं नाही. अगदीच धोका दिसला तर मदत करायची, पण ती तशी लिहायची.

“आणि कुणी कडक असेल, कुणी ढिला?” मी विचारलं. मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवत होत्या.

चिगुसा म्हणाली, तिकडचे गुरुजी म्हणाले की त्याची काळजी नको. कडक असाल तर संगणक तुमचा कडकपणा वजा करून घेतो, मऊ असाल तर मऊपणा. तराजूत मुळातच थोडी तूट असली तरी चालते, ती ठाऊक असली म्हणजे झालं. पण आज तूट आणि उद्या वाढ, ह्याला एक आणि त्याला दुसरं, असं असेल तर त्या तराजूचं काही करता येत नाही. आता गावातल्या दहा माणसांना तिने बघायचं, आकडे पाठवायचे आणि तिकडे ते जगभरच्या आकड्यांशी ताडून बघणार.

मी म्हटलं, “म्हणजे परीक्षा त्या दहा जणांची नाहीच. तुझी आहे.”

“हो,” ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

त्याच शरदात तोमे आजी आमच्याकडे दाखल झाल्या. उजवी बाजू लुळी पडली होती. पाय मी दोन महिन्यांत चालते केले, उजवा हात मात्र अर्धाच परत आला. बोटं मिटायची, पण जोर नव्हता. आजींचं घर कोळ्यांच्या गल्लीत शेवटचं, पुढे समुद्रच. घरात नवऱ्याचा देव्हारा, परसात एक आंबट फळांचं झाड आणि एक मांजर, जे आपलं नाही असं आजी ठामपणे सांगायच्या. त्यांना तिथे परत जायचं होतं, एकटीने. त्यांचा मुलगा शुइची ओसाकात. चांगला मुलगा, दर रविवारी फोन करणारा. त्याने आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. आजी त्याला काही बोलत नसत. मला म्हणायच्या, “ओसाकाच्या पाण्याने चहा घुसळला तरी फेस येत नाही गं. मी एकदा जाऊन बघून आलेय.”

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. मार्चमध्ये शुइची वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला येणार होता, वसंतातल्या त्या आठवड्यात सगळे येतातच. तोवर चिगुसाची नजर पास झाली तर तिच्या आकड्यावर ठरवू. आकडा सांगेल की आजी एकट्या राहू शकतात की नाही. आणि नजर पास नाही झाली, तर मुलगा म्हणतो तसं ओसाका. यात कुणी वाईट नव्हतं. पण आता एका म्हातारीचं घर चिगुसाच्या डोळ्यांवर टांगलं गेलं होतं.

डिसेंबरात दहा जण झाले. तोमे आजींनी चहा निवडला होता. सरावाच्या स्वयंपाकघरात त्यांनी किटली ठेवली, डबा काढला, पानं घातली, ओतलं. अधूनमधून थबकत होत्या, पण चहा झाला. चिगुसाने रात्रंदिवस पुस्तक उघडून गुण दिले, पुन्हा तपासले आणि पाठवले. जानेवारीत उत्तर आलं. नजर स्थिर नाही.

तिने गुरुजींना फोन लावला, मी शेजारीच होते. गुरुजी सभ्य माणूस, पण सत्य सांगणारे. म्हणाले, मिझोगुचीसान, तुम्ही कडक नाही आणि मऊही नाही, तुमचे आकडे विचित्र आहेत. तुमच्या माणसांना अवघड गोष्टी सोप्या जातात आणि सोप्या अवघड. गरम किटली उचलून न सांडता ओततात, आणि डब्याचं झाकण काढण्यापाशी अडतात. तोमेसानचं तर सगळंच उलटं. असा माणूस जगात नसतो. तेव्हा एकतर तुम्ही बघताना कुठेतरी हरवता, नाहीतर तिथे असं काही घडतंय जे तुम्ही लिहीत नाही. परवानगी घेऊन चित्रण करा आणि स्वतः बघा. पुन्हा दहा माणसं पाठवा.

हरवता, हा शब्द तिला लागला. आयुष्यभर सगळे तिला तेच म्हणत आले होते. दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही. मी म्हटलं, तोंड पाडून काय होणार, चल, कॅमेरा मी धरते. आजींनी लगेच हो म्हटलं आणि चित्रणाच्या दिवशी केस विंचरून, ठेवणीतलं जाकीट घालून आल्या. पुन्हा चहा. मी कोपऱ्यात उभी राहून सगळं टिपलं, अगदी नीट, आणि मला तर त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत आम्ही दोघींनी ते पाहायला घेतलं. बाहेर बर्फ पडत होतं, मोठमोठ्या संथ पाकळ्यांचं. पडद्यावर आजी चहाच्या डब्याकडे जातात, डबा घेतात, झाकणाशी थबकतात. पडद्याच्या कडेने एक हात आत येतो, डबा अलगद धरतो, आजी झाकण काढतात, हात निघून जातो.

चिगुसाने ते मागे घेतलं. पुन्हा लावलं.

“हा कुणाचा हात?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “कुणाचा म्हणजे? तुझाच. बाहीवर शाईचा डाग बघ.”

“ओकुदासान, मी हे केलेलं नाही.”

“केलंस की. समोर दिसतंय.”

तिने पुढे लावलं. तोच डावा हात पुन्हा आला, किटलीची मूठ आजींच्या चांगल्या हाताकडे वळवून गेला. पुन्हा आला, कप दोन बोटं अलीकडे सरकवला. एकदा चिगुसा नुसतीच बाजूला झाली, आजींच्या डोळ्यांवर खिडकीचा उजेड येऊ नये म्हणून. आणि हे होत असताना तिचा उजवा हात भराभर टिपणं लिहीत होता आणि तिचा चेहरा तसाच, लांब कुठेतरी बघणारा. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये म्हणतात, इथे तर कुणालाच कळलं नव्हतं. कॅमेरा धरून मी उभी होते. मीसुद्धा तो हात पाहिला आणि पाहिला नाही.

आता यात माझा काय दोष आणि तिचा तरी काय. आमच्याकडे सांगितल्यावर केलेल्या कामाला कुणी मदत म्हणतच नाही. पाहुण्याने आसनाकडे बघायच्या आत ते सरकलेलं असावं लागतं. घरात पोरांना बोलणी बसतात ती ऐकलं नाही म्हणून नव्हे, सांगावं लागलं म्हणून. असा हात आमच्यातल्या प्रत्येकाला असतो, आणि तो जितका चांगला तितका कमी दिसतो. चिगुसाचा तर गावात सर्वांत चांगला होता. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही, पण हिला स्वतःचा हात बघायला पडदा लागला.

तिने अजून एकदा ते झाकणाचं दृश्य लावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, आजी थबकतात तेव्हा बघा ना. त्या झाकणाकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघतात.

त्या दिवशी ती बस सोडून बर्फातून चालत घरी गेली. मी खिडकीतून बघत होते. बंधाऱ्यापाशी थांबली, डावा हात खिशातून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मला त्या वेळी वाटलं, परीक्षेची काळजी करतेय. काळजी दुसरीच होती, ते मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची हात बांधून ठेवण्याची कसरत सुरू झाली. मी म्हटलं, बर्फाचं पातेलं धरून बस डाव्या हातात. तिने आधी हात खिशात घातला, तर खिशातून निघाला. पाठीमागे धरला, तर पुढे आला. शेवटी ती स्टुलावर बसून डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लागली, लहान मुलं बसतात तशी. सगळं रुग्णालय बघायला लागलं. स्वयंपाकघर आवरणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मिझोगुचीसानना झालंय काय, म्हातारा माणूस धडपडतोय आणि या आपल्या बसून बघतायत? गेन्झोसान म्हणून एक जुने चटया विणणारे होते, ते तर घड्या घालता घालता थांबले आणि तिला विचारलं, “माझं काही चुकलं का पोरी? रागावलीस?” तिला बोलायची परवानगी नव्हती. तिने मान खाली घालून लिहिलं आणि नंतर बाहेर येऊन डोळे पुसले. माझ्यासारख्या तापट बाईला हात आवरणं सोपं, मी मुळात कधी दिलाच नाही फारसा. तिला मात्र ते उपाशी राहण्यासारखं जात होतं. पण दिवसागणिक ती खोलीत असायला लागली. खिडकीकडे जाणारी तिची नजर माणसांच्या बोटांवर टिकायला लागली. मी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ यायची, आणि मला उगाचच जुनी चिगुसा आठवायची.

तोमे आजींची पाळी शेवटची होती. मार्चची सुरुवात, पागोळ्यांमधून वितळलेलं बर्फ ठिबकत होतं. या खेपेला आजींनी मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप निवडलं. कॅमेरा माझ्याकडेच. चिगुसा स्टुलावर, डावा हात मांडीखाली.

आजींनी पाणी ठेवलं. टोफू तळहातावर ठेवून कापावा तर डाव्या हातात सुरी, म्हणून पाटावर ठेवून कापला, वेडावाकडा पण कापला. समुद्री शेवाळ भिजवलं. मग मिसोचा डबा पुढे घेतला. घट्ट झाकणाचा, दोन हातांशिवाय न उघडणारा. आजींनी त्यावर हात ठेवला, थांबल्या आणि चिगुसाकडे बघितलं.

हात आला नाही.

पातेल्यातलं पाणी गुणगुणायला लागलं होतं. बाहेर ठिबक ठिबक चालू होती. आजी बघत होत्या आणि चिगुसाही बघत होती, डोळ्यांत पाणी भरून, हलत नव्हती. माझ्या हातातला कॅमेरा जड झाला. मला वाटलं आता मीच जाऊन ते झाकण काढून फेकून देईन.

“आज हात नाही का यायचा?” आजींनी विचारलं.

चिगुसाने मांडी हातावर आणखी दाबली.

“बरं,” आजी म्हणाल्या. जशी एखादी शेजारीण आज येणार नाही असं कळल्यावर आपण म्हणतो तसं. त्यांनी डबा उचलला, अधू हाताच्या कोपराखाली पोटाशी घट्ट धरला आणि चांगल्या हाताने झाकण एका झटक्यात फिरवलं. मग त्या कुठेच थांबल्या नाहीत. मिसो विरघळवला, आच कमी केली, चव घेतली, वाडग्यात ओतलं, पळी धुऊन जागेवर टांगली. टांगताना मान कलती करून ती सरळ आहे ना, तेही बघितलं. जी बाई डिसेंबरात पावलोपावली अडत होती ती आज स्वतःच्या घरात असल्यासारखी वावरत होती.

वाडगा टेबलावर आला तेव्हा परीक्षा संपली. चिगुसाने हात मांडीखालून काढला, त्याला मुंग्या आल्या होत्या. तिने विचारलं, “आजी, तुम्हाला झाकण आधीपासून उघडता येत होतं?”

“मग? न यायला काय झालं? नव्वदीला आले, झाकणं काय थोडी उघडली?”

“मग थांबायचात कशाला?”

आजींना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, “तू एवढ्या मायेनं हात पुढे करायचीस. तो यायच्या आत मी उघडून बसले असते तर तुला कसं वाटलं असतं? म्हणून थांबायचे, तो येईस्तोवर.”

मी हसायला लागले. मला हसू आवरेना. ही तिच्यासाठी हात पुढे करणार आणि ती हिच्यासाठी थांबणार, आणि तिकडे जगभरचे आकडे घेऊन बसलेला संगणक डोकं धरणार की असा माणूस नसतोच म्हणून. मी हसत चिगुसाकडे पाहिलं तर ती पांढरीफटक पडली होती. वाडग्यातलं सूप तसंच ठेवून ती बाहेर गॅलरीत निघून गेली. आजी म्हणाल्या, “अळणी झालं का गं?” मी चव घेऊन सांगितलं, उत्तम झालंय.

उत्तर वसंताच्या सुट्टीच्या आदल्याच दिवशी आलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. नजर स्थिर. सर्वसाधारण परीक्षकापेक्षा किंचित मऊ, पण सर्वांना सारखीच मऊ. मी म्हटलं, “घे, आता तुझा मऊपणाही जगाने मोजला. त्याला आकडा मिळाला.” ती खूप दिवसांनी हसली. आजींचा आकडाही सोबत होता. एकटं राहता येणाऱ्या लोकांच्या रेषेच्या वर. जरासाच, पण वर. आंघोळीला आठवड्यातून दोनदा कुणी आलं तर बरं.

शुइची आला तो काळ्या सुटात, हातात गोड भाताच्या लाडवांचा डबा घेऊन. डॉक्टरांनी आकडा सांगितला. त्याने मान डोलावली, पण चेहऱ्यावरून कळत होतं की आकडा कानापर्यंतच गेलाय. मग आजी म्हणाल्या, त्याला ते दाखवा ना, माझं सूप. आम्ही लावलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसून बघत होता. मिसोच्या झाकणापाशी आजी थांबल्या, पडद्यावर ती लांबलचक शांतता आली, आणि मी शुइचीकडे पाहिलं. त्याचा उजवा हात टेबलावर पुढे सरकला होता, पडद्याच्या दिशेने, बोटं उघडी. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मग पडद्यावरच्या आजी म्हणाल्या, बरं, आणि झाकण निघालं. शुइचीने आपला हात पाहिला आणि हळूहळू मागे घेतला. मग आईला म्हणाला, रविवारी फोन करतो तो बुधवारीही करेन, तेवढं उचलत जा. आजी त्याच महिन्यात घरी गेल्या. मांजर दारात बसलं होतं.

मेमध्ये चिगुसाच्या आईचं वर्ष होतं. आमच्याकडे अशा दिवशी बायका जमतात आणि काळपट चहा उकळून, बांबूच्या जोडरवीने वाडग्यात घुसळून फेसाळ करून पितात. सोबत लोणची. चिगुसाला घरी कुणी नव्हतं, म्हणून तोमे आजींनी तिला आणि मला आपल्याकडे बोलावलं. वारा पडलेला होता. आजींच्या मागच्या दारातून समुद्र दिसत होता आणि त्यावर समोरचा किनारा उचलला जात होता. हळूहळू, कुणी पडदा वर घ्यावा तसा. आम्ही तिघी चटईवर बसून बघत राहिलो. आजींचा डावा हात रवी इकडून तिकडे खेळवत होता, वाडग्याच्या कडांवर तिचा टकटक आवाज होत होता.

चिगुसा त्या तरंगत्या किनाऱ्याकडे बघत होती. बघता बघताच म्हणाली, “आजी, माझी आईही थांबायची. वाटीवर चॉपस्टिक धरून. कपाशी हात नेऊन. मला वाटायचं तिला जमत नाही, म्हणून मी करायचे. शेवटी शेवटी ती काहीच करायची नाही.” तिने आजींकडे मान वळवली. “तीही माझ्यासाठीच थांबत असेल का? तिला सगळं येत असेल आणि मी तिला काहीच करू दिलं नसेल?”

मला एकदम बर्फातला तो बंधारा आठवला आणि हिवाळाभर ही बाई काय उरात घेऊन हिंडत होती ते कळलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नाही गं, तसं नसतं, असलं काहीतरी. पण तोमे आजी माझ्या आधी बोलल्या, आणि त्यांनी खोटं सांगितलं नाही.

“थांबत असणार,” त्या म्हणाल्या. रवी चालूच होती. “लेकीचा हात येतोय म्हटल्यावर कोणती आई घाई करेल?”

चिगुसा रडली. आवाज न करता, पण भरपूर. आजींनी तिला रडू दिलं, मीही दिलं. समोरचा किनारा थोडा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला. चहाला फेस आला होता, पांढरा, घट्ट, इथल्याच पाण्याचा.

आजींनी वाडगे आमच्यापुढे ठेवले, मग लोणच्याची बरणी ओढली. झाकणावर हात ठेवला आणि थांबल्या. चिगुसाने ते पाहिलं. तिचा डावा हात उठला, आणि मग सवयीने मांडीखाली जायला लागला.

“परीक्षा झाली ना तुझी?” आजी म्हणाल्या. “मग उघड की.”

चिगुसाने डोळे पुसले, दोन्ही हातांनी बरणी घेतली आणि झाकण उघडून दिलं.